विश्लेषण : लग्नाचा हिशेब ‘किरकोळ’ खर्चातच का मोडतो?

हॉल, सोने आणि ताटाचा दर सगळे लिहून ठेवतात. कर्जत-खालापूरच्या घरांना कर्जात ढकलतात ते न लिहिलेले खर्च. ते कोणते, कोणी द्यायचे आणि आधी कसे धरायचे?

तुळशीचे लग्न लागले की कर्जत, नेरळ, खोपोली, चौक, मोहोपाडा या पट्ट्यातील लॉन, सभागृहे आणि गावोगावचे मांडव भरू लागतात. हॉल ठरतो, बस्ता बांधला जातो, सोने घेतले जाते, केटररशी ताटाचा दर पक्का होतो. मग घरातले वडीलधारे म्हणतात, ‘बाकीचे किरकोळ आहे, होऊन जाईल.’ लग्नानंतर पंधरा दिवसांनी मांडववाला, गाडीवाला, मटणवाला आणि शेजारचा काका एकामागून एक दारात येतात, तेव्हा त्या ‘बाकीच्या किरकोळा’ची बेरीज कळते. तोपर्यंत हातातले पैसे संपलेले असतात.

लग्नावर किती खर्च करावा, हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा आणि हौसेचा प्रश्न आहे. पण जो खर्च होणारच आहे तो कागदावर नसणे, ही हौस नव्हे. त्याची किंमत नवे जोडपे आणि त्यांचे आईवडील पुढची दोन-तीन वर्षे फेडत राहतात.

हिशेब नेमका कुठे चुकतो?

१८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनच्या दंगली पेटल्या. शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यानंतर नेमलेल्या आयोगापुढे एक प्रश्न होता : लग्नकार्यातल्या उधळपट्टीमुळे शेतकरी कर्जबाजारी होतो का? आयोगाचे मत असे पडले की, लग्नखर्चाला गरजेपेक्षा जास्त दोष दिला जातो. क्वचित येणाऱ्या एखाद्या लग्नापेक्षा धान्य, बियाणे, बैल, सारा अशा पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहान देण्यांनीच कर्ज जास्त फुगते.

आजच्या लग्नाच्या आत डोकावले तर हाच नियम दिसतो. मोठा खर्च एकदाच येतो, त्याची चर्चा होते, घासाघीस होते, पैसे आधी जमवलेले असतात. लहान खर्च पन्नास ठिकाणी विखुरलेला असतो. तो ऐनवेळी येतो, रोखीने द्यावा लागतो आणि त्या क्षणी कोणी ‘नाही’ म्हणू शकत नाही. वरात दारात उभी असताना जनरेटरच्या डिझेलवरून वाद घालणारा यजमान कोणी पाहिला आहे?

दुसरे कारण असे की, हे खर्च दोन घरांच्या मध्ये पडतात. वऱ्हाडाची बस कोणाची? हॉलची वेळ संपल्यावरचे वाढीव पैसे कोणाचे? साखरपुड्याच्या बैठकीत याबद्दल बोलणे कमीपणाचे वाटते. ‘त्यांना काय वाटेल’ म्हणून दोन्हीकडचे गप्प राहतात आणि शेवटी ज्याच्या दारात मांडव, त्याच्या खिशातून पैसे जातात.

हळदीची रात्र हा वेगळा समारंभ का धरावा?

या दोन तालुक्यांतल्या अनेक घरांत, विशेषतः आगरी आणि कुणबी वस्तीत, हळद म्हणजे लग्नाइतकाच मोठा कार्यक्रम. पूर्वी धवलारीण धवले गायची, भाऊबंद जमायचे, भात आणि सार-भाजी व्हायची. आता बेंजो किंवा डीजे, रोषणाई, मटणाचे जेवण आणि पहाटेपर्यंतची वर्दळ. तरीही अंदाजपत्रकात हळदीसमोर एकच आकडा असतो, आणि तोही बहुतेक वेळा हळद-कुंकू, पाट, मुंडावळ्या आणि फुलांचाच.

प्रत्यक्षात हळदीला स्वतःची यादी लागते : जेवण, आचारी, भांडी, वाद्ये, मांडवाचा एक जादा दिवस, वीज, पाणी, दुसऱ्या दिवशीची सफाई. लग्नाला माणसे मोजून बोलावलेली असतात. हळदीला मात्र ‘गाव येणार’ एवढेच ठरलेले असते. म्हणून पाने वाढतात ती इथेच.

ठाणे-रायगड पट्ट्यातील आगरी समाजात हळदीतील दारू आणि मटणाच्या पंगती आवरण्याची चर्चा गेली काही वर्षे सुरू आहे. २०२५ च्या मे महिन्यात पुण्यातील एका विवाहितेच्या मृत्यूनंतर मराठा समाजाच्या बैठकांतही लग्नाच्या आचारसंहितेचा विषय आला : मोजके पाहुणे, डीजे नको, प्रीवेडिंगचा दिखावा नको. अशा ठरावांचा खरा उपयोग गरीब यजमानाला होतो. एकट्याने ‘हळदीला मटण नाही’ म्हटले तर तो कंजूष ठरतो. सगळ्या गावाने म्हटले तर ती रीत ठरते.

गाड्या, वीज आणि पाणी यांचे काय?

कर्जत-खोपोलीच्या लग्नाला निम्मे पाहुणे लोकलने येणारे असतात. कर्जतपर्यंत येणे सोपे आहे, पण कर्जत-खोपोली मार्गावर गाड्या मोजक्याच आहेत. स्थानकापासून कशेळे, कडाव किंवा वावोशीच्या बाजूला जायचे तर रिक्षा किंवा टमटम शोधावी लागते, रात्री तीही मिळत नाही. पाहुण्यांना स्थानकावरून आणणे आणि शेवटच्या लोकलला पोहोचवणे हा यजमानाचाच खर्च ठरतो. तो आधी धरलेला नसतो.

वऱ्हाडासाठी एसटीची बस ‘प्रासंगिक करारा’ने मिळते. त्यासाठी आगारात वेळेत अर्ज करून आगाऊ रक्कम भरावी लागते. खासगी बस घेताना दर विचारतानाच चार गोष्टी विचाराव्यात : रिकाम्या फेरीचे किलोमीटर, टोल, चालकाचा भत्ता आणि थांबण्याचे तास. पैसे वाचवण्यासाठी मालवाहू टेम्पोत वऱ्हाड बसवण्याची सवय अजून गेलेली नाही. मालवाहू वाहनात प्रवासी नेणे मोटार वाहन कायद्याविरुद्ध आहे आणि अपघात झाला तर विम्याची भरपाईही अडकते. ही बचत फार महाग पडू शकते.

सुट्टीच्या दिवशी द्रुतगती मार्गावर खालापूर टोलनाका ते बोरघाट कोंडी होते. वरात दोन तास उशिरा आली की हॉलचे जादा तास, केटररच्या माणसांचा जादा वेळ आणि फोटोग्राफरचे वाढीव पैसे सुरू होतात. करार करताना ‘वेळेनंतरचा दर काय’ हे विचारले तर या रकमेचा अंदाज येतो.

मांडवासाठी महावितरणकडून तात्पुरती वीजजोडणी घेता येते. तारेवर आकडा टाकणे ही वीजचोरी आहे, वीज कायदा २००३ मधील कलम १३५ खाली गुन्हा आहे, आणि ओल्या मांडवात ते जिवावरही बेतते. एप्रिल-मेमध्ये वाड्या-पाड्यांवर पिण्याच्याच पाण्याची ओढ असते. तिथे दोन दिवसांच्या स्वयंपाकाला आणि भांड्यांना लागणारे पाणी टँकरनेच येते. त्यासोबत पिण्याचे जार आणि जनरेटरचे डिझेल हे खर्चही लिहावेत.

पावसाचा आणि मुहूर्ताचा खर्चाशी काय संबंध?

२०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला. इतक्या लवकर तो कित्येक दशकांत आला नव्हता. मेअखेरीचे मुहूर्त धरलेल्यांना ऐनवेळी कापडी मांडवावर ताडपत्री किंवा पत्रे चढवावे लागले. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या भागात मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातले लग्न म्हणजे पावसाची तजवीज आलीच : पत्र्याचा मांडव, चिखलावर टाकायची खडी, जवळच्या शाळेचे किंवा समाजमंदिराचे पर्यायी ठिकाण.

मुहूर्त कमी असले की एकाच तारखेला सगळे आचारी, वाजंत्री आणि गाड्या अडकतात आणि दर चढतात. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. त्या काळात पारंपरिक मुहूर्त नसल्याने एप्रिल आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात गर्दी होणार, हे गृहीत धरावे. कामाचा दिवस किंवा काढीव मुहूर्त घेतला तर त्याच हॉलचा दर बहुधा कमी होतो.

फार्महाऊसवरचे लग्न स्वस्त पडते का?

मुंबई-ठाण्याची अनेक कुटुंबे आता कर्जतच्या फार्महाऊस आणि रिसॉर्टवर लग्न ठरवतात. शहरातल्या बँक्वेटपेक्षा भाडे कमी दिसते, पण दरपत्रकाबाहेर बरेच काही उरते. बाहेरचा डेकोरेटर किंवा केटरर आणला तर जागेचा मालक वेगळी रक्कम घेतो का? खोल्या किती वाजता मिळतील आणि किती वाजता सोडायच्या? जनरेटर भाड्यात आहे की डिझेल वेगळे? अनामत रक्कम कधी परत मिळेल? चालक, मेकअप करणाऱ्या बाई, फोटोग्राफर यांचे जेवण आणि मुक्काम कोणाकडे? ही उत्तरे लेखी घेतल्याशिवाय विसार देऊ नये.

जीएसटीचाही प्रश्न असतो. हॉल किंवा लॉनचे भाडे, सजावट, छायाचित्रण यांवर १८ टक्के, केटरिंगवर सामान्यतः ५ टक्के, दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. म्हणजे दोन लाखांच्या लॉनचे बिल २ लाख ३६ हजार होते. ‘दर जीएसटीसह की वगळून’ हे पहिल्याच भेटीत विचारावे. जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या व्यावसायिकाला हा कर आकारता येत नाही. बिलावर नोंदणी क्रमांक नसेल आणि कर लावलेला असेल, तर तो नाकारावा.

या रिसॉर्ट-लग्नांचा स्थानिकांवरही परिणाम होतो. फार्महाऊसला जमीन गेली, २९.६ किलोमीटरच्या पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गासारख्या प्रकल्पांमुळे जागांचे भाव चढले, काही घरांत एकरकमी पैसा आला. त्या पैशातून झालेले एक मोठे लग्न साऱ्या गावाचे माप ठरते. ज्याची जमीन विकली गेली नाही किंवा ज्याला जमीनच नव्हती, तोही मग त्या मापाला पोहोचायला उसने घेतो. आणि ज्याने विकली, त्याला तो पैसा पुन्हा मिळणार नसतो.

मानपान आणि आहेर : जमा की देणे?

लुगडी-साड्या, टॉवेल-टोपी, मामाचा मान, करवल्यांच्या भेटी, विहिणीची ओटी, वऱ्हाडातल्या ज्येष्ठांचे शाल-श्रीफळ. प्रत्येक वस्तू शे-पाचशेची, पण नावे साठ-सत्तर. शिवाय ऐनवेळी एखादे नाव राहिल्याचे कळते आणि रुसवा काढण्यासाठी दुप्पट भारी साडी आणावी लागते. भटजींची दक्षिणा, वाजंत्र्यांची बिदागी, वाढपी, न्हावी, गाडीचालक, सफाईवाल्या बायका यांना द्यायचे पैसेही असेच सुट्ट्या नोटांत जातात आणि कुठेच लिहिले जात नाहीत.

हे सगळे ‘आहेरातून निघेल’ असे म्हणण्याची पद्धत आहे. आहेर म्हणजे उत्पन्न नव्हे. आज ज्याने ५०१ रुपये लिहिले, त्याच्या घरच्या लग्नात आपल्याला तेवढे किंवा थोडे जास्त लिहायचे असते. म्हणून तर आहेराची वही जपून ठेवतात. आहेराची रक्कम लग्नाच्या खर्चात धरली की ते बिनव्याजी कर्जच झाले, फक्त फेड पुढच्या दहा वर्षांत विखुरलेली. अंदाजपत्रकात आहेराची जमा शून्य धरावी. जे येईल ते नव्या संसारासाठी ठेवावे.

तसेच घरच्या तांदळाचे. कर्जत हा भाताचा तालुका. इथल्या कृषी संशोधन केंद्राने दिलेल्या कर्जत-३, कर्जत-७ सारख्या जाती दूरवर लावल्या जातात. त्यामुळे ‘तांदूळ घरचाच आहे’ म्हणून तो फुकट धरला जातो. पण लग्नात शिजलेला तांदूळ म्हणजे घराच्या वर्षभराच्या धान्यातला वाटा असतो. भाद्रपदात दुकानातून तांदूळ आणावा लागला की तो खर्च उघड होतो. त्याचा बाजारभाव लिहावा. घरातल्या कमावत्या माणसांची बुडालेली मजुरी किंवा बिनपगारी रजाही लिहावी.

एकूण रक्कम किती होते?

नमुन्यादाखल एक हिशेब मांडू. दर गावोगावी बदलतात. यातले आकडे फक्त समजून घेण्यासाठी आहेत. समजा, एका घराने ६ लाख रुपयांत लग्न बसवले आहे. त्यात पुढील गोष्टी लिहिलेल्या नाहीत :

- हळदीचे जेवण, २५० माणसे, प्रत्येकी २०० रुपये : ५०,०००
- लग्नात वाढलेली ८० पाने, प्रत्येकी २२० रुपये : १७,६००
- घरी उतरलेले २५ पाहुणे, ४ दिवस, दिवसाला १५० रुपये : १५,०००
- बस आणि स्थानकावरच्या फेऱ्या : ३०,०००
- तात्पुरती वीज, डिझेल, टँकर, जार : १८,०००
- मानपान, ६० नावे, प्रत्येकी ४०० रुपये : २४,०००
- दक्षिणा, बिदागी, वाढपी, चालक, सफाई : १२,०००
- सत्यनारायण, पाचपरतावन, कार्ल्याची एकवीरा किंवा जेजुरीचे देवदर्शन : २५,०००

बेरीज १ लाख ९१ हजार ६०० रुपये, म्हणजे ठरवलेल्या रकमेच्या जवळजवळ एक तृतीयांश. यात पावसाचा मांडव नाही, डीजे नाही आणि कोणाचा रुसवाही नाही.

ही रक्कम ऐनवेळी शेकडा तीन रुपये महिना या दराने उचलली, तर नुसते व्याज दरमहा ५,७४८ रुपये होते. मुद्दल तसेच राहते. खोपोलीच्या कारखान्यात कंत्राटी काम करणाऱ्या नवऱ्या मुलाच्या पगारातून हे व्याज गेले, तर घरभाड्याला आणि किराण्याला काय उरणार? महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार सावकाराला परवाना बंधनकारक आहे. शेतकरी नसलेल्या कर्जदाराला विनातारण कर्जावर ठरवून दिलेली कमाल मर्यादा वर्षाला १८ टक्के आहे. शेतकऱ्यासाठी ती त्याहून कमी आहे. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. घाईत पैसे घेणारा हे गणित मांडत नाही, आणि घाई होते ती खर्च आधी लिहिला नाही म्हणून.

सर्वाधिक किंमत कोण मोजते?

कर्जत-खालापूरच्या ठाकूरवाड्या आणि कातकरवाड्यांत हा प्रश्न व्याजापुरता राहत नाही. कातकरी ही केंद्र सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी समूह म्हणून नोंदलेली जमात. पावसाळा संपला की अनेक कुटुंबे वीटभट्टी आणि कोळशाच्या भट्टीवर जातात. आजारपण किंवा लग्नासाठी भट्टीमालकाकडून किंवा मुकादमाकडून ‘उचल’ घेतली जाते आणि ती फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांचे श्रम बांधले जातात.

उत्तर कोकणाला हे नवीन नाही. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघरच्या भागात, लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घेणारा आदिवासी बायकोसह त्याच्याकडे राबायचा. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली आदिवासी उठले, ते या लग्नगडीच्या आणि वेठबिगारीच्या विरोधात. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशी कर्जे रद्द ठरवली. अशा कर्जाच्या बदल्यात कोणी अडवून ठेवत असेल, तर तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात तक्रार करता येते. लग्नाचे देणे माणसाला बांधू शकते, ही जुनी गोष्ट झालेली नाही.

खर्च वाचवण्याचा आणखी एक धोकादायक मार्ग म्हणजे थोरलीच्या मांडवात धाकटीचेही लग्न उरकणे. धाकटी १८ वर्षांची नसेल तर तो बालविवाह आहे, आणि लावून देणारे, मदत करणारे सगळेच गुन्हेगार ठरतात.

कोणते नियम खिशावर परिणाम करतात?

ध्वनिक्षेपकाला पोलिसांची परवानगी लागते आणि उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ तो वाजवता येत नाही. डीजेला पहाटेपर्यंतचे पैसे देण्यात अर्थ नाही. हळदीत दारू वाटायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो.

‘गाण्यांचे लायसन्स’ म्हणून काही ठिकाणी वेगळी रक्कम मागितली जाते. कॉपीराइट कायदा १९५७ मधील कलम ५२(१)(झेडए) मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी संबंधित समारंभांना सूट आहे. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने जुलै २०२३ मध्ये तसे स्पष्टही केले. त्याच धर्तीवर गोवा सरकारने काढलेले परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले, पण कायद्यातले कलम जागेवर आहे. पैसे मागणाऱ्याला ते कोणत्या आधारावर, हे लेखी विचारावे.

एकाच प्रसंगासाठी एका व्यक्तीकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यास प्राप्तिकर कायद्याने बंदी आहे. घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. हॉल आणि केटररचे पैसे बँकेतून द्यावेत, म्हणजे पुरावाही राहतो. लग्नात वधूवरांना मिळालेल्या भेटींवर प्राप्तिकर नाही. त्या भेटींची यादी ठेवावी, असे हुंडा प्रतिबंधक कायद्याखालील १९८५ चे नियम सांगतात. लग्नाची नोंदणी ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेत होते, तीन साक्षीदार लागतात आणि ९० दिवसांच्या आत केली तर शुल्क किरकोळ असते. नंतर पासपोर्ट किंवा वारसाच्या कामाला धावपळ करण्यापेक्षा ती लगेच करावी.

सरकारी मदत मिळते का?

मिळते, पण माहिती नसल्याने मागितली जात नाही. महिला व बालविकास विभागाच्या शुभमंगल सामूहिक व नोंदणीकृत विवाह योजनेत शेतकरी आणि शेतमजुरांच्या मुलींच्या लग्नासाठी प्रति जोडपे २५,००० रुपये अनुदान आहे. सामूहिक सोहळ्याऐवजी नोंदणी पद्धतीने लग्न केले तरी ते लागू होते. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी असलेल्या कामगाराला पहिल्या लग्नाच्या खर्चापोटी ३०,००० रुपये मिळतात. अटी आणि कागदपत्रे लग्न ठरल्यावर लगेच पाहावीत, लग्नानंतर नव्हे.

मग घरात बसून काय करायचे?

पहिले, साखरपुड्यापूर्वी दोन्ही घरांनी एकच यादी करावी. प्रत्येक ओळीसमोर रक्कम आणि ‘कोण देणार’ हे नाव. बोलणी करणारे मामा किंवा मध्यस्थ असतील तर त्यांच्यासमोर ती वाचावी. आधी बोलण्यात संकोच वाटतो, पण नंतरच्या अबोल्यापेक्षा तो बरा.

दुसरे, एकूण रकमेतून किमान १५ टक्के आधीच बाजूला काढावेत आणि उरलेल्या रकमेतच लग्न बसवावे. हळदीसाठी वेगळे पान, लग्नानंतरच्या आठवड्यासाठी वेगळे पान. उरले तर नवराबायकोचे.

तिसरे, केटररशी ताटांची किमान संख्या आणि वाढीव पानाचा दर लेखी ठरवावा. पत्रिका किती वाटल्या यावरून नव्हे, घरटी किती माणसे येतील यावरून पाने मोजावीत.

चौथे, रोख पैसे एकाच विश्वासू माणसाच्या हाती द्यावेत. नवऱ्या मुलाचा बाप किंवा नवरीची आई हा माणूस नसावा. त्यांना त्या दिवशी कोणालाही नाही म्हणता येत नाही. चुलत भाऊ, भाचा, जो कोणी असेल त्याने मोबाइलवर दर खर्च टिपावा.

पाचवे, कर्ज घ्यायचेच असेल तर ते लग्नाच्या दोन महिने आधी, बँक, पतसंस्था किंवा बचत गटातून घ्यावे. सोने मोडण्यापेक्षा तारण ठेवणे बरे, पण परतफेडीची तारीख यादीत लिहूनच.

यादी केली म्हणून लग्न साधे होत नाही आणि हौस कमी होत नाही. यादी पाहिल्यावर मात्र घराला निवड करता येते : डीजे हवा की नव्या संसाराला फ्रिज, गावाला मटण हवे की मुलीच्या नावावर ठेव. आज ही निवड मांडवाच्या गडबडीत दुसरेच कोणी करून टाकते आणि बिल घराला मिळते. निवड लग्नाआधी झाली पाहिजे. ती ज्यांचा संसार आहे त्या दोघांना समोर बसवून झाली पाहिजे, कारण शेवटी हप्ते तेच भरणार आहेत.